भिंतीकडे तोंड करून शिकवणारा हुसैनमियाँ

हुसैनमियाँ परकार रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा. मस्कतजवळच्या रुसैलच्या एका वर्कशॉपात आम्ही दोघं पाइप फिटर होतो. मी निवृत्त होऊन मुलाकडे मस्कतलाच राहिलो, हुसैनमियाँ अजून कामावर होता. कामाला चोख. त्याचा जोड गळला तर दुसऱ्याला हात लावू देत नसे. स्वतः कापायचा, स्वतः पुन्हा बसवायचा.

त्याच वर्कशॉपात पूर्वी डोनल नावाचा आयरिश इन्स्पेक्टर होता. जेवणाच्या सुट्टीत तो टिनचं अलगूज वाजवायचा. त्याने हुसैनमियाँला आपल्या मुलखातल्या नाचाच्या चाली शिकवल्या. कागद नाही, सारेगम नाही. आधी ऐकायचं, मग गुणगुणायचं, आणि ते बिनचूक आलं तरच अलगूज ओठाला लावायचं. डोनल मायदेशी गेला. हुसैनमियाँ शुक्रवारी संध्याकाळी मस्कतच्या कुरुम भागात मेव्हबाई नावाच्या आयरिश बाईंच्या घरी जाऊ लागला. तिथे आयरिश मंडळी गोल करून बसतात आणि एकत्र वाजवतात.

यंदा त्याचा कामाचा परवाना संपत होता. परत जाण्याआधी त्याला एकच गोष्ट हवी होती. आपल्याकडे शिकणाऱ्या तिघांनी त्या गोलात बसावं आणि आपल्याशिवाय वाजवावं. नाहीतर तो विमानात बसला की ही शिकवणी खलास, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शिकवणी मत्रहच्या सूकमागे, म्हणजे जुन्या बाजारामागे, एका शिंप्याच्या कोठारात, शुक्रवारी सकाळी. जुम्म्याच्या नमाजाआधी आटपायची. शिकणारे तीन. कौशिक एसी दुरुस्त करायचा, राजापूरकडचा, गावी भजनी मंडळात पेटी वाजवलेला. विशाखा कुरुमच्या एका ऑफिसात हिशेब बघायची. तिचं माहेर भजनाचं. तिसरा नबील, बेकरीची गाडी चालवणारा, मस्कतलाच वाढलेला. त्याचं मराठी अडखळत चालायचं.

हुसैनमियाँ भिंतीकडे तोंड करून बसायचा. समोर बसला की हे तिघं त्याची बोटं बघून वाजवायचे. त्याला ते मान्य नव्हतं. तो एक ओळ वाजवायचा, हे तिघं ती परत वाजवायचे. मग पुढची ओळ. मी शिंप्याच्या स्टुलावर बसून ऐकायचो.

"घरी वाजवलं का कोणी?" तो भिंतीलाच विचारायचा.

"मियाँ, ड्युटी डबल होती," कौशिक म्हणायचा.

"चाचा, मैंने रेकॉर्ड केलं. गाडीत ऐकलं," नबील सांगायचा.

"ऐकलंस. वाजवलं कोणी, गाडीने?"

कौशिकची खोड वेगळीच. चालीचा एक भाग संपला की तो शेवटचा सूर लांबवायचा, त्याला एक गिरकी द्यायचा आणि थांबायचा. ही चाल थांबत नाही. पहिला भाग दोनदा, दुसरा दोनदा, परत पहिला. नाचणारा मध्येच पाय हवेत धरून उभा राहत नाही.

"हे काय? आरती झाली? तबक फिरवू?"

विशाखा हसायची. कौशिक तेवढ्यापुरतं सुधारायचा आणि पुढच्या शुक्रवारी परत गिरकी. मला राग यायचा. हुसैनमियाँने कधी पैसा घेतला नाही, पण मेहनतही फुकटची समजायची का?

शेवटी एकदा तिघांना घेऊन तो कुरुमला गेला. मीही गेलो. मेव्हबाईंनी खुर्च्या दिल्या. हुसैनमियाँने चाल सुरू केली. गोलातले सगळे त्याच्याबरोबर वाजवू लागले. हे तिघं गप्प. अलगूज ओठाला लावलेलं आणि गप्प. त्याची ओळ संपली तशी तिघांनी मिळून ती ओळ परत वाजवली. अगदी स्वच्छ. तोवर बाकीचे पुढच्या ओळीत पोचले होते. दोन्हींचा असा गोंधळ झाला की मेव्हबाईंनीच हात वर केला. त्या रागावल्या नाहीत. "परत या," एवढं म्हणाल्या.

बाहेर गाडीपाशी हुसैनमियाँ फुटला. "झोपला होतात काय? सगळे वाजवतायत, तुम्ही तोंड बघत बसलात."

कौशिक म्हणाला, "मियाँ, बुवा म्हणतात तेव्हा आपण ऐकायचं. मग आपण घ्यायचं. मध्येच कसं घुसणार?"

"इथे बुवा कोण?"

"तुम्ही," विशाखा म्हणाली. "तुम्हीच एक ओळ देता आणि आम्ही घेतो. दुसरं कधी केलंय आपण?"

हुसैनमियाँ गाडीत जाऊन बसला.

पुढच्या शुक्रवारी तो कोठारात आला तो रिकाम्या हाताने. "आज मी वाजवणार नाही. सुरू करा."

"कोणी सुरू करायचं?"

"मी गेल्यावर कोणी करणार?"

मग नबीलने सुरू केलं, भलत्याच सुरावर. कौशिक वाट बघत राहिला, मग घाईने घुसला. दुसऱ्या भागात तिघं तीन ठिकाणी. हुसैनमियाँने हात मांडीखाली दाबून धरले होते. चूक झाली की त्याचे खांदे उडायचे. त्यानंतरचे सगळे शुक्रवार असेच गेले. चाल रडतखडत पुढे सरकली. त्याला सुख झालं असं म्हणवत नाही. जे एका बैठकीत सांगता आलं असतं त्याला महिना लागला, असं तो मला पुन्हा पुन्हा सांगायचा.

जाण्याआधीच्या शेवटच्या शुक्रवारी तिघं कुरुमला एकटे आत गेले. हुसैनमियाँ माझ्याबरोबर फाटकाबाहेर उभा राहिला. खिडकी उघडी होती. चाल विशाखाने सुरू केली. बाकीचे दोघं लगेच मिळाले, मग आयरिश मंडळी. लय जड होती. दुसऱ्या भागात नबील हरवला आणि हुसैनमियाँ फाटकाकडे निघाला. मी त्याची बाही धरली. नबील पुढच्या फेरीत परत सापडला. चाल फिरत राहिली. थांबले ते सगळ्यांबरोबर.

आत टाळ्या झाल्या.

"टाळ्या कसल्या?" तो म्हणाला. "दुसरा भाग कच्चा आहे."

तिघं हसत बाहेर आले. "मियाँ, त्यांनी दर शुक्रवारी यायला सांगितलंय," विशाखा म्हणाली. "आमच्या खुर्च्या तिथेच ठेवणार आहेत."

"मग दुसरा भाग गुणगुणून दाखवा."

"इथे? रस्त्यावर?"

"उद्या माझं विमान आहे. कुठे दाखवणार?"

बाजूने गाड्या जात होत्या. त्या फाटकापाशी तिघांनी दुसरा भाग गुणगुणला. नबील तिथेच चुकला. हुसैनमियाँने त्याला परत म्हणायला लावलं.