सिंकखालची वाटी

दुरुस्त न होणारी वस्तू जगात अजून जन्माला यायची आहे, असं ठामपणे मानणारे एकच गृहस्थ मी पाहिले: आमच्या ह्यांचे धाकटे काका. कॉव्हेंट्रीत आमच्या मागच्याच रस्त्यावर ते राहत. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांचे हात मोकळे झाले आणि समस्त नातेवाइकांची यंत्रं धोक्यात आली. कुणाकडेही गेले की माणसांच्या आधी ते बॉयलरची तब्येत विचारत. माणसांना सरसकट अरे-तुरे, यंत्रांना मात्र अहो-जाहो. "अहो, असं काय करता? बसा की नीट," असं टोस्टरला विनवताना मी त्यांना ऐकलंय. दुसऱ्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर त्यांना बघवत नसे. "आण इकडे," म्हणून ते हिसकावूनच घेत. मंडळाच्या गणपतीत आरती ऐन रंगात आली असताना त्यांनी खरखरणारा स्पीकर उघडला, तो विसर्जनापर्यंत काही मिटला नाही. पुढच्या सगळ्या आरत्या आम्ही घसे ताणून म्हटल्या. "पण खरखर गेली की नाही?" काका म्हणाले.

आणि कुठलीही दुरुस्ती झाली की ते खाली स्टीलची एक वाटी ठेवत, रात्रभर. सकाळी वाटी कोरडी निघाली तरच काम पुरं झालं. आमच्या भिंतीवरच्या घड्याळाखालीसुद्धा त्यांनी ती ठेवली होती.

हे गेले त्या हिवाळ्यात सिंकखालचा, खरकटं दळणारा ग्राइंडर गुरगुरून बंद पडला आणि गळायला लागला. कार्डिफहून लेकीचा फोन आला. "आई, एक सिंक मॅनेज होत नाही, तर आख्खं घर एकटी कसं सांभाळणार? विकून टाकू. तू इकडेच ये." तिचं चुकत नव्हतं. पण मला ह्यांच्या पुस्तकांमधून उठून कुठे जायचं नव्हतं. मी काकांना बोलावलं.

त्यांनी ग्राइंडर खाली उतरवून आत पाहिलं. शेवग्याच्या शेंगांचा चोथा पात्यांना दोरखंडासारखा गुंडाळला होता. "कुण्या गाढवानं टाकलाय हा?" आदल्या रविवारी आमटी ओरपून ताटं विसळायला तेच उभे होते, हे मी बोलले नाही.

नवा ग्राइंडर आणला. काका आता सरसावतील म्हणून मी बाजूला झाले. त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले.

"तू बसव."

"मी? अहो काका, मला यातलं काही..."

"मी बसवला तर लेक म्हणेल, काकांनंतर काय? चल, आधी मेन स्विच बंद कर."

यंत्र चांगलंच जड. सिंकच्या भोकाखालच्या कड्यात अडकवेपर्यंत ते कुणीतरी खालून धरायला हवं. असल्या वेळी हे धरत. मी तशीच बसून राहिले, तेव्हा काका हळूच म्हणाले, "घरात एवढी पुस्तकं आहेत, त्यांना एकदा तरी कामाला लाव की."

ह्यांच्या शब्दकोशाचे जाडजूड खंड मी एकावर एक रचले आणि ग्राइंडर त्यांच्यावर चढवला. कडं दोनदा निसटलं. दोन्ही वेळा काकांचे हात मांड्यांखालून अर्धे बाहेर आले आणि परत आत गेले. जन्मभरातलं सर्वांत अवघड काम त्यांनी त्या स्टुलावर केलं असावं. तिसऱ्यांदा कडं बसलं. स्विच लावला, ग्राइंडर घुमला. काकांनी खिशातून वाटी काढून खाली ठेवली.

सकाळी उजाडताच फोन. "वाटी?"

"कोरडी."

"मग मला काय सांगतेस? लेकीला सांग!"

मी लेकीला फोन लावला. "यू डिड इट? तू स्वतः?" मग म्हणाली, "माझ्या बाथरूममधला नळपण गळतोय गं. कधी येतेस?" घर विकण्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

या वसंतात काका गेले. मी अजून याच घरात आहे. शब्दकोशाच्या सर्वांत खालच्या खंडाला ओलाव्याचा एक डाग पडलाय, तो मी तसाच राहू दिला आहे. वाटीही सिंकखाली तशीच आहे. रोज सकाळी चहा टाकण्याआधी मी वाकून बघते. "कोरडी आहे, काका," असं हळूच सांगते, आणि मग आधण ठेवते.