सोप्या सामन्याच्या वेळची जागा

टीव्हीवर मॅच लागली की माझी जागा बाहेर ओट्यावर असायची. केनवडचं आमचं घर तीन खोल्यांचं. मधल्या खोलीत टीव्ही आणि तिच्या ओट्याकडच्या दाराला वहिनीनं जुन्या साडीचा शिवलेला पडदा. पडद्याच्या आत दादा, वहिनी आणि शेजारचे काका. बाहेर मी, मांडीवर पुस्तक घेऊन.

सुरुवात कशी झाली ते आठवतं. कबड्डीचा कुठलासा सामना होता. मी चहा घेऊन आत गेले आणि नेमका त्याच वेळी आपला चढाईला गेलेला खेळाडू पकडला गेला. दादा हसत म्हणाला, "बाई, तू बाहीर बस वं. तू आली का आपला गडी जाते." पुढच्या सामन्याला मी बाहेर बसले आणि आपण जिंकलो. झालं, नियम ठरला. तो माझ्या एकटीपुरता नव्हता. काकांनी एक पाय खाटेवर, एक खाली असंच बसायचं. वहिनीनं सूप मांडीवर घेऊन डाळ निवडायची, आणि डाळ निवडून झाली तरी सूप खाली ठेवायचं नाही. दादा स्वतः एक गुडघा जमिनीला टेकून बसायचा. तरुणपणी तो गावच्या संघात डाव्या कोपऱ्याला खेळायचा, तिथे असंच दबा धरून बसावं लागतं.

आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा घरातल्या मूर्तींबरोबर शकुन-अपशकुनही बाहेर काढले, असं आई सांगायची. मांजर आडवं गेलं म्हणून आमच्या घरातलं कुणी कधी थांबलं नाही. अमावास्येला दादानं पेरणी केली, लोक बघत राहिले. अशा घरात एवढी एक गोष्ट टीव्हीतून परत शिरली. सगळ्यांना ती गंमत वाटायची, मलाही.

तरी त्या नियमात एक खोच होती. समोर मोठा संघ असला की नियम बंद. "आज ये अंदर," दादा म्हणायचा. "मोठ्याइपुढं हारलं त काय बिघडते?" मी बाहेर बसायचं ते फक्त सोप्या सामन्यांना, समोरचा संघ लहान असला की. एकदा मी म्हटलं, "दादा, हे उलटं आहे. भीती मोठ्यांची वाटायला पाहिजे."

"मोठ्याचं कायचं भेव?" तो म्हणाला. "जिंकलंच हाय असं सारे म्हनते ना, तवा भेव लागते."

त्यामुळे सोपे सामने मी पाहिलेच नाहीत, ऐकले. पुस्तकाचं पान तसंच राही आणि आतल्या आवाजांवरून मी खेळ जुळवत बसे. काकांच्या शिव्या आल्या की समजायचं, चुरस आहे. दादाचा तळहात जमिनीवर आपटला की पकड झाली. आणि एक शांतता होती. मोठ्या संघाकडून हरताना घरात आरडाओरडा व्हायचा. लहान संघाकडून हरायची वेळ आली की आवाज आधीच बंद व्हायचे. कुणी कुणाला बोल लावायचं नाही. वहिनीच्या सुपातली डाळ थांबायची. ती शांतता मी दाराबाहेरूनही ओळखायला शिकले.

आशियाई खेळांतल्या कबड्डीत आपण इराणकडून हरलो, त्या दिवशी ती सर्वांत मोठी होती. पुरुषांच्या कबड्डीत तोवर आपल्याशिवाय कुणी सोनं नेलं नव्हतं. गावात कुणी सामन्याची चिंताच केली नव्हती. खूप वेळ आतून काही ऐकू आलं नाही. मग पडदा सरकला आणि दादा येऊन माझ्याशेजारी बसला.

आतून काका ओरडले, "तुह्या बहिनीनं डोकावलं असंन!"

"डोकावली असंन त डोकावली. तिनं काय आपल्या गड्याइचे पाय धरले?" दादा म्हणाला. मी डोकावले नव्हते.

मी वाशीमच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. वाचलेलं सांगायची खोड जात नाही. मी म्हटलं, फाजील आत्मविश्वास, अपेक्षांचं ओझं. त्यानं मान हलवली. त्याच्याकडे दर पराभवाला नवं कारण असायचं: मातीतले खेळाडू मॅटवर गेले, पायाची पकड गेली, आपलेच लोक त्यांना शिकवायला गेले, सकाळचं जेवण जड झालं असेल. त्या दिवशी मात्र तो म्हणाला, "त्याइनं आपल्याले सालोसाल पाह्यलं वं. आपन त्याइले नाही पाह्यलं. आपन आपल्यालेच पाहून राह्यलो होतो." आणि उठून बैलांना पाणी दाखवायला गेला.

आमच्या घरात अशक्त मी. लहानपणापासून छाती धरते, धूळ सोसत नाही. आई होती तोवर तिची आणि नंतर दादा-वहिनीची नजर माझ्यावर. मी खोकले की सगळे वळून बघायचे. हिवाळ्यात वाशीमला फोन यायचा, "मफलर बांधला का? दम्याचा फवारा जवळ हाय का?" दादाला कुणी असं काही विचारल्याचं मला आठवत नाही. गव्हाचं पोतं तो एका झटक्यात पाठीवर घ्यायचा. घरातल्या सगळ्यांच्या मागे हा उरणार, हे आम्ही कधी बोललो नव्हतो, इतकं ते ठरलेलं होतं.

एका पावसाळ्यात त्याला ताप आला. साधा ताप. चार लोकांना गावात येऊन गेला तसलाच. उतरेना म्हणून वाशीमला दवाखान्यात आणलं. मी डबा घेऊन गेले तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. मी खोलीच्या दारात पाय ठेवला तसा त्यानं हात वर केला.

"थांब वं. मॅच चालू हाय. सोपी हाय, पन तू अंदर नोको येऊ."

खोलीत टीव्हीच नव्हता. वहिनी हसली. मीसुद्धा हसले. डबा तिच्या हाती दिला आणि बाहेरच्या बाकावर बसले, पुस्तक काढलं. आत दोघं बोलत होती, सोयाबीनच्या पेरणीचं काहीतरी. नर्स आत गेली, मग डॉक्टर गेले. बोलणं चालूच होतं. आणि मग ती शांतता आली. कुणी बाहेर येऊन मला सांगण्याच्या आधी मला कळलं. मी पुस्तकातलं पान तसंच धरून बसून राहिले होते, कारण माझी जागा बाहेर होती.

दादा कशानं गेला ते डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. रक्तातल्या कसल्या पेशी, कसा अचानक दाब उतरला. मी त्यावर मिळेल ते वाचलं. कारण मला माहीत आहे. पण संध्याकाळी ग्रंथालयाच्या खिडक्या लावताना मनात येतं, मी आत गेले असते तर? किंवा दारात पायच ठेवला नसता तर? दोन्ही प्रश्न मूर्खपणाचे आहेत आणि दोन्ही एकदम येतात. वहिनीला विचारायची हिंमत होत नव्हती. तिच्या मनात काय आहे? त्या वेळी मी दारात पाय ठेवला होता, हे ती आठवत असेल का? वर्षभर मी शनिवारी केनवडला जायचे, ओट्यावरच बसायचे आणि आम्ही दोघी दादाविषयी सोडून सगळं बोलायचो. टीव्हीवर चादर टाकलेली असायची.

त्याचा पहिला स्मृतिदिन झाला. विहारातले लोक येऊन वंदना म्हणून गेले. नंतरच्या एका शनिवारी मी एसटीतून उतरून घरी आले, तर मधल्या खोलीतून समालोचनाचा आवाज. चादर घडी करून ठेवलेली. आपला क्रिकेट संघ आठवड्यापूर्वी विश्वविजेता झाला होता आणि समोर झिम्बाब्वे होतं. काका खाटेवर, एक पाय वर, एक खाली. मी चपला काढल्या आणि सवयीनं ओट्यावर बसले.

झिम्बाब्वेचा डाव थोडक्या धावांत संपला. आतून काका म्हणाले, "झालं. आता तुमी सैपाकाले लागा, सून. हे त पोट्टे आंघोळ करून जिंकते."

सोपा सामना. मी पिशवीतून पुस्तक काढलं.

पडदा सरकला. वहिनी दारात उभी होती, हातात सूप नव्हतं.

"ताई, अंदर या."

"असू द्या वहिनी. बरं आहे इथं वारं."

"वारं अंदर बी हाय. पंखा लावला."

"आपण जिंकतोय ना," मी म्हटलं.

"म्हनून त म्हन्ते." ती माझ्याकडे बघत राहिली. "वरीसभर बसल्या तुमी बाहीर. मले दिसत नाही का? चला."

मी उठले. पडद्याच्या आत सोप्या सामन्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा बसले, वहिनीला चिकटून. दादाची जमिनीवरची जागा आम्ही दोघींनीही मोकळी ठेवली होती. पहिलंच षटक होतं, आणि आपली विकेट पडली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं.

"टीव्हीकडं पाहा," वहिनी म्हणाली. "थे लोक चांगले टाकून राह्यले."

काकांनी तोंड मिटलं, आणि मग खाटेवरचा पाय खाली घेतला. विकेटी पडत गेल्या. वहिनीनं माझं मनगट धरलं होतं आणि एकाही विकेटला सोडलं नाही. मी समोर बघत होते. बाहेरून मला नेहमी आमचाच आवाज ऐकू यायचा, आणि तो बंद झाला की मला वाटायचं सगळं संपलं. इथं तर टीव्हीवर लाल कपड्यांतली झिम्बाब्वेची मुलं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती, गवतावर बसलेले लोक गात होते. इतके सामने ऐकले, पण ही माणसं मला कधी ऐकू आली नव्हती.

आपण हरलो. खोलीत ती शांतता आली. आतून ती कशी असते ते मला ठाऊक नव्हतं. पंख्याचा आवाज, काकांचा श्वास, वहिनीच्या बांगड्या. ती बाहेरून वाटते तेवढी मोठी नसते.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही तिघंही टीव्हीकडे बघत नव्हतो, दाराकडे बघत होतो. पडदा हलत होता. ओट्यावर माझ्या जागी कुणीतरी बसलं आहे आणि आमच्या गप्प होण्यावरून त्याला आपण हरल्याचं आत्ताच कळलं आहे, असं वाटत होतं.

वहिनीनं माझं मनगट सोडलं. ती उठली, पडदा बाजूला केला आणि तो खिळ्याला अडकवून ठेवला, उघडाच.