किटणाचा आधार

समोरच्या माणसाचे दात सोडून नुसत्या हिरड्या पाहणारा दंतवैद्य गिरगावात एकच होऊन गेला; ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भावोजी. दुखरा दात उपटायचा, एवढेच दंतवैद्यक तेव्हा मुंबईला ठाऊक होते. भावोजींनी फणसवाडीत दवाखाना थाटला आणि दात उपटून घ्यायला आलेल्यांना परत पाठवू लागले. "जमीन खचली म्हणून झाड तोडता?" असे विचारत. वाटेत भेटेल त्याला ते विनोद सांगत; तो हसला की चष्मा सावरून त्याच्या हिरड्या न्याहाळत आणि स्वतः न हसता चालू लागत. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या सासूबाईंना असेच हसवले आणि भर पंगतीत सांगितले, "मिश्री सोडा, पू धरलाय." ताईने आठवडाभर अबोला धरला. कुलाब्याच्या कोळ्यांचीही तोंडे ते तपासत. "तुमचा डाक्टर म्हावरं बघत नाय, माझं थोबाड बघतो!" अशी तक्रार एका कोळणीने माझ्याकडे केली होती.

इतकी तोंडे पाहून त्यांचे एक मत पक्के झाले होते: दाताच्या मुळाशी साचलेले किटण हिरडी सडवते, ते खरवडून काढले तर हिरडी पुन्हा दात धरते. त्यासाठी त्यांनी सोनाराकडून बारीक आकडे घडवून घेतले होते. देवळात सनई वाजवणाऱ्या गुरवबुवांचे पुढचे दात हलू लागले, तेव्हा बाकीच्या डॉक्टरांनी ते काढायला सांगितले. दातांचा टेकू गेला की फुंक सुटणार, आणि लग्नसराई तोंडावर आलेली. भावोजींनी दात ठेवून किटण काढले. दुसऱ्याच दिवशी गुरवबुवा तणतणत आले.

"घात केलात, डॉक्टरसाहेब! आता तर जास्तच हलतायत. त्या किटणानंच धरून ठेवले होते!"

"चोरानं खांबाला मिठी मारली, म्हणजे त्यानं घर सावरलं होय?"

"मग राहतील ना दात?"

"माहीत नाही," भावोजी म्हणाले. डॉक्टराच्या तोंडून हे शब्द मी तोवर ऐकले नव्हते.

त्यानंतर ते रोज देवळात जात, बुवांना हिरडा उकळून केलेल्या काढ्याने चुळा भरायला लावत आणि आपल्या हाताने हिरड्या साफ करत. हिरड्यांची सूज उतरली, त्या घट्ट झाल्या. त्या सराईत सनई वाजली, पुढच्या सराईतही वाजली.

भावोजी त्यानंतर फार वर्षे जगले नाहीत. त्यांच्या मुलीच्या, माझ्या भाचीच्या लग्नाला गुरवबुवा बोलावण्याची वाट न पाहता आले. ताई आता विधवा, म्हणून मांडवात येणार नव्हती. माजघराच्या दाराआड उभी होती. सनईचा पहिला सूर लांब, सरळ आला आणि कुठेही न फुटता टिकला. मी वळून पाहिले. ताई डोळे मिटून कुणाला तरी हळूच सांगत होती, "अहो, राहिले हो दात."