टाकाच्या कडेवरची अक्षरं

सातपूरच्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथ चालवून झुंबर निवृत्त झाला, पण लोखंड वाजवून त्याची जात सांगायची खोड काही गेली नाही. एकदा साहेबांनी पास केलेला अख्खा माल त्यानं परत पाठवायला लावला होता, आणि माल खरंच भेसळीचा निघाला. तेव्हापासून लोक म्हणत, झुंबर माणसाशी गोड बोलणार नाही आणि धातूबद्दल खोटं बोलणार नाही. म्हणूनच थोरली बहीण लंकाबाई निफाडहून एसटीनं थेट त्याच्याकडे आली आणि पदराची गाठ सोडून तिनं देवघरातला टाक त्याच्यापुढे ठेवला.

"खंडोबा हाय," ती म्हणाली. "लग्नात सासूबाईंनी माझ्या हातावर ठेवला व्हता. आता शेखरचं लगीन, म्हणून उजळायला सराफाकडं नेला, तर त्यो हसला. म्हणे मावशी, हे विलायती नाणं हाय, अन् चांदी बी नाय." तिनं टाक त्याच्याकडं सरकवला. "चाळीस वर्षं मी कुणाला भंडारा वाहिला, एवढं सांग. सुनेच्या हातावर काय ठेवू?"

बहिणीचं दुःख झुंबरला कळत होतं, पण खरं सांगायचं तर आधी त्याचे हात शिवशिवले. टाक गुळगुळीत झाला होता. घोडा कळत होता, वर स्वार, खाली काहीतरी वळवळणारं. चुंबक चिकटेना. काट्यावर सव्वीस ग्रॅम भरलं. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून त्यानं टाक दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत सोडला आणि काट्यावर जेवढे ग्रॅम वाढले, त्यानं कागदावर सव्वीसला भागलं. चांदी असती तर आकडा दहाच्या वर गेला असता. हा नवाच्या आतच थांबला. वजन तांब्याचं आणि रंग पांढरा, म्हणजे तांब्यात निकेल.

तोंड झिजलं तरी कड सहसा झिजत नाही, हे लेथवाल्याला कोण सांगणार? त्यानं भिंग लावून कड फिरवली. बारीक खोदलेली अक्षरं होती. भाषा कुठली कोण जाणे, पण एक शब्द ओळखीचा निघाला: INDUSTRIA. सातपूरच्या पाट्यांवर तो रोजच वाचलेला, फक्त शेवटचा एल गायब. लेक तृप्तीनं तो शब्द, नाणं आणि घोडेस्वार असं मोबाइलवर शोधलं आणि दहा मिनिटांत सगळा उलगडा केला. इंग्लंडचं नाणं, सन एकोणीसशे एक्कावन्न. लोकांच्या मेहनतीनं राज्य फुलतं, असं कडेवर लिहिलेलं.

क्षणभर त्याला वाटलं, चांदीच आहे म्हणून सांगावं, कोण बघायला येतंय? पण जीभ वळेना.

"अक्का, चांदी नाय. खंडोबा बी नाय. त्यांचा कुणी संत आहे, घोड्यावरून राक्षस मारतोय. अन् मागच्या बाजूला जी तू म्हाळसा म्हणून पुजलीस, तो त्यांचा राजा."

लंकाबाईनं टाक उलटून पाहिला. "राजाला मिशा व्हत्या का?"

"नव्हत्या."

"मंग माझी काय चूक?"

झुंबरला हसू आलं आणि वाईटही वाटलं. "नवं व्हतं तेव्हा अठ्ठावीस ग्रॅम व्हतं," तो उगाच म्हणाला.

"मंग दोन ग्रॅम गेलं कुठं?"

"तुझ्या अन् सासूच्या हाताला. दर रविवारी राखेनं घासता ना."

लंकाबाईनं टाक तळहातावर घेतला. "म्हंजी त्यांचा जो कुणी व्हता, त्यो आमी दोघींनी पुसला," ती हळूच म्हणाली, आणि टाक पुन्हा पदरात बांधून चहा न घेताच उठली.

लग्नानंतर देवघरापुढे तिनं तोच टाक नव्या सुनेच्या, स्नेहलच्या, हातावर ठेवला. "राखेनं घासू नको बाई, ओल्या फडक्यानं पूस. आता घोडा तरी राहू दे."

"चांदीचा आहे का हो?" स्नेहलनं विचारलं.

लंकाबाईनं भावाकडं पाहिलं. सगळेच पाहू लागले.

"नाही," झुंबर म्हणाला. "पण खंडोबाच आहे."