सर्वो बदलून बघू

आमच्या घरात कुठल्याही वस्तूला दोष देता येतो, माणसाला नाही. चहा सांडला तर कपाचा कान बारीक. सही वाकडी आली तर पेन भिकार. माझे सासरे, म्हणजे बाबा, आयुष्यभर एका कारखान्याच्या खरेदी खात्यात होते. माल खराब निघाला की परत पाठवायचा आणि दुसरा मागवायचा, हा त्यांचा धर्म. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, धर्म काही सुटला नाही. गेल्या वर्षभरात घरात कपांचे सेटवर सेट आले. चहा सांडायचा थांबला नाही.

बाबांना नाद एकच, रिमोटच्या रेसिंग गाड्यांचा. खेळण्यातल्या गाड्या नव्हेत. नायट्रो इंधनावर चालणारं खरंखुरं छोटं इंजिन, कानठळ्या बसवणारा आवाज, धूर, वास, सगळं साग्रसंगीत. रविवारी कात्रजच्या पुढे एका मोकळ्या प्लॉटवर मातीच्या ट्रॅकवर शर्यती होतात. ड्रायव्हर मंडळी लाकडी मचाणावर ओळीने उभी राहून गाड्या पळवतात आणि खाली प्रत्येकाचा एक माणूस इंधन भरायला, बंद पडलेलं इंजिन चालू करायला थांबतो. बाबांचा तो माणूस म्हणजे मी. माझ्या नवऱ्याचं इंधनाच्या वासाने डोकं दुखतं. मी मेकॅनिकल इंजिनिअर, त्यामुळे माझं दुखत नाही असा घरात समज आहे.

या गाडीच्या पोटात सर्वो नावाची एक मोटर असते, जाडजूड काडेपेटीएवढी. रिमोटवरचं चाक जेवढं फिरवाल, तेवढी ती गाडीची पुढची चाकं वळवते. दुसरा एक सर्वो वेग आणि ब्रेक सांभाळतो, पण त्या बिचाऱ्याने आम्हाला कधी त्रास दिला नाही. आमचं सगळं रडगाणं चाकं वळवणाऱ्या सर्वोचं.

झालं असं की बाबांची गाडी सरळ पट्ट्यावरसुद्धा नागमोडी जायला लागली. बाबांनी निदान केलं, सर्वो गेला. मग खरेदी खातं कामाला लागलं. तीन ठिकाणची कोटेशनं आली. कोणत्याची ताकद किती, दांते पितळी की स्टीलचे, कुठल्या बॅटरीवर चालतो, सगळ्याची तुलना जेवणाच्या टेबलावर मांडली गेली. आणि शेवटी निकाल कशावर? तर वेगावर. जो सर्वात चपळ, तो घ्यायचा. स्वारगेटजवळच्या दुकानातून मी तो आणला, बसवला, आणि गाडी आणखी नागमोडी धावायला लागली.

बाबा म्हणाले, अजून चपळ बघू. पुन्हा तीन कोटेशनं. पुन्हा माझी स्वारगेटच्या ट्रॅफिकमध्ये वरात. नव्या सर्वोच्या दांड्याचे दांते चाकांना जोडणाऱ्या जुन्या पट्टीला बसेनात, म्हणून पट्टीसाठी आणखी एक खेप. मी वैतागून सांगितलं की चपळाईचा काही उपयोग होत नाहीये. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला आणि मला विचारलं की खरेदीचा अनुभव कुणाला जास्त आहे.

खरं काय ते मला त्या जेवणाच्या टेबलावरच कळलं होतं. एका संध्याकाळी गाडी विटेवर ठेवून, इंजिन बंद करून, मी नुसता सर्वो तपासत होते. बाबांनी रिमोट हातात धरला होता. काही फिरवत नव्हते, नुसता धरला होता. आणि गाडीची पुढची चाकं डावी-उजवी, डावी-उजवी, अशी बारीक थरथरत होती. बाबा म्हणाले, बघ, या सर्वोला जिटर आहे. सर्वो बिघडला की असा आपोआप थरथरतो, हे खरंच आहे. म्हणून मी रिमोट माझ्या हातात घेतला. चाकं गप्प. ढिम्म. परत त्यांच्या हातात दिला, की पुन्हा तेच.

आम्ही दोघांनी ते पाहिलं. मग बाबांनी रिमोट बाजूला ठेवला आणि म्हणाले, "परत करू हा. दुसरा मागवू." आणि मीही, शहाणी, हो म्हणाले. सून सासऱ्याला तोंडावर कसं सांगणार, की अहो बाबा, सर्वोचा हात नाही थरथरत, तुमचा थरथरतोय?

मला संताप त्या हाताचा नव्हता. वयाने हात थरथरतो, त्यात काय लाज? संताप होता तो त्या गुळमुळीत सभ्यपणाचा. मी नवऱ्याला म्हटलं, तू मुलगा आहेस, तू बोल, डॉक्टरकडे घेऊन जा. तो म्हणाला, त्यांना वाईट वाटेल. मी म्हटलं, बरं, रिमोट तरी नवा घेऊ, नव्या रिमोटमध्ये चाकाची हालचाल मवाळ करायची सोय असते. तर बाबांचं उत्तर तयार, हा रिमोट माझ्या हाताला बसलाय. नवरा म्हणाला, राहू दे ना, सर्वो बदलून बघू. म्हणजे हाही खरेदी खात्यातच निघाला!

आणि मग व्हायचं तेच झालं. एका रविवारी बाबांची गाडी वळणावर भरकटली आणि उलटलेल्या गाड्या सरळ करायला ट्रॅकवर उभ्या असलेल्या एका माणसाच्या नडगीवर आदळली. लागलं चांगलंच, तो लंगडत बाहेर आला. शर्यती भरवणारे गृहस्थ बाबांशी एक शब्द बोलले नाहीत. माझ्याकडे आले. अतिशय आदबीने म्हणाले, "वहिनी, काकांना पुन्हा मचाणावर बघायला आम्हाला आवडेलच. पण अजून एकदा असं झालं, तर त्यांना खालीच खुर्ची देऊ." बाबा चार पावलांवर उभे होते. त्यांनी ऐकलं. घरी येताना रस्ताभर ते काचेबाहेर बघत बसले. मचाण गेलं तर या माणसाचा रविवार गेला, आणि रविवार गेला तर आठवड्यात उरतं काय, हे मला घरी येईपर्यंत लख्ख दिसत होतं.

त्या रात्री मी नीट विचार केला. सर्वो चपळ असला की हाताची प्रत्येक थरथर तो इमानदारीत चाकांपर्यंत पोचवणार. म्हणजे आम्ही इतके महिने हौसेने उलटाच माल निवडत होतो. मला असा सर्वो हवा होता की जो आळशी असेल. ताकद भरपूर, पण उठायला वेळ लावणारा. थरथर डावीकडे म्हणेपर्यंत उजवीकडे गेलेली असेल, आणि हा पठ्ठ्या जागचा फारसा हलणारच नाही.

दुकानात जाऊन तसं सांगितलं. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, रेसिंगसाठीच ना? हो म्हटल्यावर म्हणाला, "हळूच जायचं असेल तर मॅडम, बैलगाडी बघा." मी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो मुकाट्याने आत गेला आणि दगडधोंड्यांवरून रांगत चढणाऱ्या गाड्यांचा एक दणकट, मंद सर्वो घेऊन आला. खाली बघतच म्हणाला, चुकीचा घेताय, परत घेणार नाही. मी म्हटलं, परत करायला येणारच नाही.

शनिवारी दुपारी बाबांचा डोळा लागलेला असताना मी तो बसवला. लपवायचा नव्हता, पण समोर बसून बसवायचंही धैर्य नव्हतं. संध्याकाळी त्यांना सांगितलं, बाबा, नवा सर्वो टाकलाय. त्यांनी गाडी उचलून पोटात डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सर्वोवरचे आकडे वाचायला त्यांना चष्म्याची गरज नव्हती, कोटेशनं चाळून चाळून कुठला सर्वो किती चपळ हे त्यांना पाठ झालं होतं. मी वाट बघत होते की आता विचारतील, कोटेशन कुठंय? त्यांनी गाडी खाली ठेवली आणि टीव्ही लावला.

रविवारी ते मचाणावर चढले. नडगीला लागलेला तो माणूस परत त्याच वळणावर उभा. भोंगा वाजला, गाड्या सुटल्या. बाबांची गाडी प्रत्येक वळण उशिरा घेत होती, जडशीळ, पोट भरलेल्या म्हशीसारखी. बाकीचे भराभर पुढे जात होते. पण सरळ पट्ट्यावर ती सरळ जात होती. हे बघून मला रडूच यायला लागलं, आणि त्याचाही राग आला, कारण इंधन भरायचं होतं. बाबा शेवटचे आले. कुणाला साधा धक्का लागला नाही. नडगीवाल्या माणसाने वळणावरून हात हलवला.

बाबा सावकाश खाली उतरले. मार्केट यार्डातून आणलेले फळांचे रिकामे क्रेट उलटे घालून आम्ही बसतो, तिथे येऊन बसले. मी म्हटलं, सर्वो जरा मंद आहे, सवय होईल. ते म्हणाले, "सर्वो चांगला आहे. आधीचेही सगळे चांगलेच होते."

मी नेहमीसारखा थर्मासमधून चहा ओतला, कप काठोकाठ भरला आणि त्यांच्यापुढे धरला. अर्धा कप दिला तर त्यांना अपमान वाटेल, म्हणून घरात कुणी कधी तसा दिलेला नाही. त्यांनी कपाकडे पाहिलं, घेतला नाही.

"अर्धाच दे," ते म्हणाले. "उद्यापासून घरीही अर्धाच देत जा."

मी अर्धा चहा परत थर्मासमध्ये ओतायला गेले. माझ्याच हातून थोडा सांडला. कपाला कुणी काही बोललं नाही.