कोपऱ्यातला तपकिरी रंग

लॅबमध्ये तिला सगळे सुरीताई म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणाला आठवत नाही, पण चिकटलं ते चिकटलंच. शरीरातून काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून त्याचा ब्लॉक करायचा, यंत्राच्या पात्यावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि अलगद काचेच्या स्लाइडवर उचलायचे, हे तिचं काम. अर्धं आयुष्य त्यात गेलं. कापाला सुरकुती पडलेली तिला खपत नसे.

एका गोष्टीत तर ती भलतीच कडक होती. एका ब्लॉकचे काप उचलले की पाण्यावर टिपकागद फिरवल्याशिवाय दुसऱ्या ब्लॉकला हात लावायचा नाही. आधीचा एखादा कण पाण्यावर राहिला तर तो पुढच्या स्लाइडवर जाऊन बसतो आणि एकाचा आजार दुसऱ्याच्या नावावर लागतो. त्यावरून तिने भल्याभल्यांची हजेरी घेतली होती.

आणि एक दिवस धाकट्या बहिणीची गाठ तिच्या टेबलावर आली.

"ही दुसऱ्या कुणाला देऊ का?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"नको. मीच कापते." ती म्हणाली आणि हातमोजे चढवले.

गाठ कर्करोगाची आहे हे आधीच कळून चुकलं होतं. प्रश्न पुढचा होता. गाठ लहान असते तोवर आजूबाजूला मिळेल त्यावर भागवते. वाढायचं तर तिला रक्त हवं, म्हणून ती शेजारच्या रक्तवाहिन्यांना आपल्याकडे फांद्या फोडायला लावते. त्या फांद्यांना वाट मिळायची तर मधली प्रथिनांची जाळी तुटायला हवी, आणि ती तोडायला मदत करणारी एन्झाइम्स या नव्या वाहिन्यांच्या पेशींवर, अगदी बाहेरच्या अंगाला बसलेली असतात. जुन्या, शांत वाहिन्यांवर त्यांतलं एक एन्झाइम जवळजवळ दिसतच नाही. लॅबमध्ये नेमकं तेच रंगवत. ते असेल तिथे तपकिरी रंग चढे. तपकिरी जास्त, म्हणजे गाठीने स्वतःची सोय लावून घेतली. तसं निघालं तर बहिणीला जालीम औषधं घ्यावी लागणार होती, आणि तरीही हमी कुणीच देणार नव्हतं.

तिने काप काढले, उचलले, रंगवले. स्लाइड वाचणं तिचं काम नव्हे. पण इतक्या वर्षांनंतर डोळे थोडेच झाकून ठेवता येतात? सूक्ष्मदर्शकाखाली सगळं निळसर दिसलं, तपकिरी कुठेच नाही, आणि तिच्या जिवात जीव आला. मग स्लाइड जरा सरकवली. कोपऱ्यात वेड्यावाकड्या तपकिरी रेघा होत्या. तिने स्लाइड काढली आणि मोठ्या डॉक्टरांकडे नेली.

मोठे डॉक्टर बराच वेळ पाहत राहिले. "हा कोपरा बाकीच्याशी जुळत नाही. आधीच्या ब्लॉकचा कण तर आला नसेल? पाणी पुसलं होतं ना?"

एरवी असं विचारणाऱ्याची धडगत नव्हती. आज मात्र तिला डॉक्टरांचे पाय धरावेसे वाटले. पाणी पुसलं होतं का? काप उचलले तेवढं आठवत होतं, बाकी काहीच नाही. आणि आठवूही नये, असंच तिला वाटत होतं. जन्मभर ज्या चुकीची धास्ती घेतली, ती आज आपल्या हातून झालेली असू दे, म्हणून ती मनोमन विनवण्या करत होती.

"नसेल पुसलं," ती म्हणाली.

"मग पुन्हा काप काढा."

तिने पाणी ओतून दिलं, भांडं घासलं, नवं पाणी भरलं. नवं पातं लावलं. दुसरा एकही ब्लॉक टेबलावर येऊ दिला नाही. शेवटचं रसायन सोडलं की रंग डोळ्यांदेखत चढतो. एरवी तेवढ्यात ती शेजारच्या टेबलावरच्या बाईची थट्टा करून घेई. आज श्वास रोखून सूक्ष्मदर्शकात पाहत बसली. काही नाही. अजूनही काही नाही. मग त्याच कोपऱ्यात रंग फुटायला लागला.

आत्ताच स्लाइड धुतली तर रंग इथेच थांबेल आणि सगळं फिकं राहील, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिचा हात पुढे गेलाही. पण फिक्या स्लाइडमुळे बहिणीचं औषध टळलं असतं, गाठीचं वाढणं नाही. तिने हात मागे घेतला आणि रंग पुरता चढू दिला. रेघा गडद होत गेल्या, एकीतून दुसरी फुटत गेली. इतकी भीती तिला आजवर कधी वाटली नव्हती.

घरी जायला निघाली तेवढ्यात धाकटीचा फोन आला.

"ताई, झालं का? काय दिसलं?"

"उद्या डॉक्टर सांगतील."

धाकटी म्हणाली, "लहानपणी सुई दुखेल का विचारलं, की तू सरळ सांगायचीस, दुखेल. डॉक्टर सांगतील, असं कधी म्हणाली नाहीस."

सुरीताईने नाक ओढलं, ते पलीकडे ऐकू गेलं.

"रडू नकोस गं," धाकटी म्हणाली. "पण आज माझ्याकडे झोपायला ये. मला एकटीला भीती वाटतेय."