अंगठ्यांवरचा पाय

"पाय कशावर ठेवू?" दादासाहेबांनी विचारलं. आणि आमच्या आबाजवळ, माझ्या बापाजवळ, कागद नव्हता.

मापाचा कागद. आमी चांभार, धंदा पायताणाचा. गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवायचा, भोवतीनं पेन्सिल फिरवायची, आत नाव लिहायचं आणि कागद घरी तारेत ओवून ठेवायचा. अख्ख्या कोल्हापुरातल्या बड्या लोकांचं पाय आमच्या घरात तारेला लटकलेलं हुतं. पण त्या दिवशी आमी माप घ्यायला गेलतोच कुठं? आमी तिकीट मागायला गेलतो.

मला शुद्ध लिहायला येतंय. सातवी पास हाय मी. पण हे सांगताना शुद्ध बोलायला लागलो की खोटं बोलतोय असं वाटतंय, म्हणून असंच सांगतो.

स्वराज्य येऊन धा वर्षं होत आलती. नगरपालिकेची निवडणूक लागलती. दादासाहेब म्हणजे शहरातल्या पक्षाचं मुख्य. शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत. ते म्हणतील त्याला तिकीट, आणि तिकीट ज्याला तोच निवडून. आमच्या गल्लीला नळ नव्हता. बायका पलीकडच्या गल्लीत जायच्या, समद्यांच्या घागरी भरल्या की मग ह्यांचा नंबर. तोवर पाणी गेलेलं असायचं. राधाक्कानं एक दिवस तीस बायका रिकाम्या घागरी घेऊन नगरपालिकेच्या पायरीवर नेऊन बसवल्या. संध्याकाळपतोर हलल्या न्हाईत. राधाक्का म्हणजे आमच्या शेजारची. नवरा वारलेला. महाद्वार रोडला फडकं अंथरून पायताणं विकायची, आणि तोंड असं की फुकट घासाघीस करणारं गिऱ्हाईक लांबनंच वळायचं.

गल्लीनं ठरवलं, पक्षानं यंदा आक्काला तिकीट द्यावं. अर्ज मी लिहिला. तीनदा फाडला, चौथ्यांदा मनासारखं अक्षर आलं. शाळेतनं शाईचं पॅड मागून आणलं. एकसष्ट अंगठे. म्हाताऱ्या अंगठा उठवायच्या आणि शाई केसाला पुसायच्या. माझ्या आईनं अंगठा इतका दाबला की कागदाला पाठीमागनं फुगवटा आला. सही एकच, माझी.

मी आणि आबा अर्ज घेऊन दादासाहेबांच्या घरी गेलो. दादासाहेब वरच्या पायरीवर खुर्ची टाकून बसलेलं. शेजारी त्यांचा जावई, पुण्यासनं नुकताच आलेला, विजार घातलेला. आमी खाली उभं. तहान लागलती, पण मागितलं असतं तर वरनंच वतलं असतं, म्हणून मी मागितलं न्हाय.

दादासाहेबांनी दोन वळी वाचल्या आणि हसले.

"राधाक्का? ती पायताणवाली? अरं धोंडी, नगरपालिकेत काय आता बाजार भरवायचा हाय काय?"

धोंडी म्हणजे आमचा आबा. तो बी हसला. कसंनुसं. मला आबाचा राग आला.

"तिकीट आमच्या जावईबापूंचं ठरलंय," दादासाहेब म्हणाले. "तुमी काय, घरचीच माणसं. तुमची मतं कुठं जात्यात? आणि आलाईसच तर माप घेऊन जा. मिरवणुकीला नवं पायताण पायजे. पाय कशावर ठेवू?"

"कागद न्हाय जी आणला," आबा म्हणाला.

"हा हाय की."

त्यांनी अर्ज पायरीवर टाकला. लिहिलेली बाजू वर. आणि त्याच्यावर डावा पाय ठेवला.

मी बघतच ऱ्हायलो. माझं अक्षर. आईचा अंगठा. आबा खाली बसला. त्याच्या कानावर कायम पेन्सिल असायची, ती त्यानं काढली. कागद गुळगुळीत फरशीवर सरकत हुता.

"धर की रे पोरा, सरकतोय कागद."

आणि मी धरला.

हे मला सांगायचंच हाय. दादासाहेबांनी काय केलं ते समद्यांनी ऐकलंय, मी बोंबलत फिरलोय ते. पण मी गुडघ्यावर बसलो आणि कागदाची दोन टोकं दोन हातांनी सपाट धरली, हे मी लई वर्षं कुणाला सांगितलं न्हाय. दादासाहेबांच्या अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं हुतं. आबा तिथं नेहमी अर्धं बोट जास्त सोडायचा. तिथं त्याची पेन्सिल हळू झाली, जपून वळली. जावयानं तेवढ्यात आपलं पाय खुर्चीखाली वढून घेतलं, आमचा हात लागंल म्हणून.

येताना मी रस्त्यात थांबलो.

"आबा, तुमी माप का काढलं?"

"मग काय करू? पाय पुढं आला."

"पाय पुढं आला म्हणून?"

आबानं माझ्याकडं बघितलं. "आणि तू का धरलास?"

मी पुढं चालायला लागलो. 

घरी आल्याबरोबर आबानं कागद तारेत ओवला. रीतच तशी. मी तो तारेतनं वढून काढला, थोडा फाटला, आणि आक्काच्या दारात गेलो. गल्ली गोळा झाली. मी कागद नुसता जमिनीवर पसरला. मग एकेक जण वाकून आपापला अंगठा हुडकायला लागला. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आपला अंगठा कुठं उठवलाय ते प्रत्येकाला ठाऊक हुतं.

आक्काला तिचा करंगळीच्या भायेर गावला. "माझा वाचला की गं!" म्हणून ती हसली. कुणीच हसलं न्हाय.

"माझा टाचंखाली हाय," आई म्हणाली.

आक्कानं कागद जमिनीवरनं उचलला. मग मला म्हणाली, "फॉर्म कुठं भरायचा असतोय रं?"

अशी आक्का अपक्ष उभी ऱ्हायली. तिचं बघून शेजारच्या दोन वॉर्डांत एक टांगेवाला आणि एक तालमीतला पैलवान उभा ऱ्हायला. आमच्याकडं ना मोटार, ना कर्णा. आक्का दारोदार जायची, कागद वर धरायची आणि वरडायची, "ह्यो पाय बघा! ह्यात कुणाचा अंगठा हाय बघा! उद्या तुमचा असंल!" हमाल, टांगेवालं, भाजीवाल्या समदी जमायची. आक्का सांगायची, म्हैन्यात गल्लोगल्ली नळ, घरपट्टी माफ, पोरांस्नी फुकट शाळा.

"आक्का, एवढं कसं जमंल?" मी विचारलं.

"आधी निवडून तर येऊ दे मला, लेका."

मी बी सोडून दिलं. टाळ्या पडत हुत्या ना.

आणि इकडं आबा दादासाहेबांचं पायताण करत हुता. चांगलं कातडं काढलंवतं त्यानं, बारीक वेणी घालत हुता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"लाज वाटत न्हाय तुमास्नी?"

"वीस वर्साचं गिऱ्हाईक हाय. मत काय एक दिवसाचं. पोट रोजचं हाय."

मतदानाच्या आदल्या दिवशी आबा ते पायताण स्वतः पोचवून आला. मी चार दिवस त्याच्याशी बोललो न्हाय.

जावईबापू पडले. सपशेल पडले. आक्का आली, टांगेवाला आला, पैलवान बी आला. पक्षाच्या हापिसात दिवसाउजेडी दार लावून घेतलंतं म्हणं. आमी गुलाल उधळला. मी इतका नाचलो की पायताण तुटलं. चांभाराचं पायताण नाचताना तुटलं म्हणून लोक हसली, मी बी हसलो. मिरवणूक दादासाहेबांच्या दारावरनं नेली. ते पायरीवर उभं हुते, आबानं केलेलं नवं पायताण घालून.

नळ आला न्हाय. म्हैना गेला, सहा म्हैने गेले. बायका पलीकडच्या गल्लीत जातच हुत्या. आक्का मात्र सुधारली. महाद्वार रोडचं फडकं बंद झालं. मग कळलं, आक्का पक्षात गेली. टांगेवाला बी गेला. सत्कार झाला, हार घालताना दादासाहेब तिला "राधाबाई" म्हणाले म्हणं.

एक दिवस दुपारी ती घरी आली. नवं लुगडं. आई तिच्यासाठी चहा टाकायला उठली.

"तो कागद दे रं मला," आक्का म्हणाली.

"कशाला?"

"मिटवूया की आता. दादासाहेबांस्नी लाज वाटतीया त्याची. नळाचा ठराव त्यांच्याच हातात हाय. कागद दिलास तर पुढच्या म्हैन्यात नळ बसतोय बघ."

 म्हणजे परत तेच. पायरी तीच, नुसती आक्का वर जाऊन बसली.

"नळ हक्काचा हाय आक्का. कागदाच्या बदल्यात कसा?"

"तुझ्या हक्कानं घागर भरती व्हय? तुझी आई पाणी वाहून मराय लागलीय!" तिला राग आलता, खरा राग. मग ती आबाकडं वळली. "आबा, तुमी तरी सांगा ह्येला."

आबा रापीनं कातडं कापत हुता. हात न थांबवता म्हणाला, "अर्ज त्यानं लिवलाय. त्येलाच इचार."

मी आईकडं बघितलं. घागर तीच वाहत हुती. अंगठा टाचंखाली तिचाच हुता. ती "दे" म्हणाली असती तर मी काय केलं असतं, ठाऊक न्हाय. तिनं चुलीवरचा चहा खाली उतरवला आणि आक्काला म्हणाली, "तुझा वाचलावता बाई. माझा न्हाय वाचला."

आक्का चहा न घेता गेली.

त्याच दुपारी मी दुसरा अर्ज लिहायला घेतला. नळाचा. आईनं परत अंगठा दिला, तसाच दाबून. मनाशी ठरवलं, ह्या अर्जावर राधाक्काचा अंगठा नसणार. पायरीखाली उभं ऱ्हाऊन देणार न्हाय, नगरपालिकेत आत जाऊन टेबलावर ठेवणार. हाकललं तर परत लिहिणार. आणि कुणी तो खाली टाकला, तर त्याची टोकं मी धरणार न्हाय. पाय दादासाहेबांचा असू दे, न्हायतर आक्काचा.